ताईचं तेल आणि माझं ऐंशी

माझा हेतू चांगला होता. हे वाक्य गेल्या महिन्याभरात मी इतक्यांदा म्हटलंय की आमच्या घरात ते आता कोणी पुरतं ऐकूनही घेत नाही. मी 'माझा हे-' एवढं म्हटलं की तोआकासे, म्हणजे आमची ही, 'हेतू बाजूला ठेवा आणि आधी टाकीत पाणी किती आहे ते बघा' म्हणून मोकळी होते. पण मी म्हणणारच. माणसानं स्वतःच्या बाजूनं बोलायचं नाही तर कोणाच्या बोलायचं?

मी सरकारी कचेरीत लेबल तपासनीस आहे. बोटीनं आमच्या टोंगा देशातल्या टोंगाटापू बेटाला जे डबे, बाटल्या, पुडे येतात, त्यांच्यावर काय लिहिलंय ते वाचायचं, हे माझं काम. बावीस वर्षं वाचतोय. लोकांना वाटतं, यात काय मोठंसं, शाळेतली पोरंही वाचतील. वाचून दाखवा! गोमांसाच्या डब्यावरची मुंगीएवढी अक्षरं पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, दिवसाला चाळीस डबे, आणि वर डोळ्यांतून पाणी काढायचं नाही. असो. माझ्या नोकरीची कदर गावात कोणाला नाही हे मला माहीत आहे, आणि आता तर ती करायला कोणी धजणारही नाही.

सुरुवात मेलेआनेताईनं केली. ताई माझी मोठी बहीण. आमच्यात बहीण म्हणजे भावाच्या डोक्यावरची, आणि लेकरांची आत्या म्हणजे घरातला शेवटचा शब्द. भावानं तिच्याशी थट्टा करायची नाही, तिच्यासमोर पाय पसरायचे नाहीत, एका खोलीत बसून गप्पा छाटायच्या नाहीत. नव्या पोरांनी हे सगळं कधीच सोडलंय. ताईनं सोडलेलं नाही, आणि ताईनं सोडलं नाही म्हणजे मी सोडण्याचा प्रश्नच येत नाही. त्यामुळे ताई आमच्या ओसरीवर बसते, मी स्वयंपाकघरात बसतो, आणि दोघांच्या मधे दारात तोआकासे उभी राहते. ताईचा आवाज असा की खाडीपलीकडच्या डुकरांना ऐकू जावा. तरीही निरोप दारातूनच यायचा.

"तोआकासे, त्याला सांग, लुसिआनेच्या कमरेला यंदा आजीची चटई बांधायची. तेलाचा डाग लागता कामा नये."

"वन्सं म्हणतायत, चटईला डाग नको," तोआकासे माझ्याकडे मान वळवून म्हणाली.

"ऐकलं मी."

"ऐकलं म्हणतायत."

"ऐकलं ते कळलं मला! पुढचंही ऐक म्हणावं."

पण पुढचं ऐकायला मी थांबलो नाही. मागच्या दारानं सटकलो, कारण माझ्या डोक्यात तोवर चक्र सुरू झालं होतं. इथंच चुकलं. ताईचं पुढचं वाक्य ऐकलं असतं तर ही कथा लिहायची वेळ आली नसती.

चटईची गोष्ट साधी नव्हती; मानाच्या प्रसंगी आमच्यात विणलेली चटई कमरेला गुंडाळतात. लुसिआने आमची एकुलती एक, अठरा वर्षांची. आजवर घोळक्यात नाचली होती. यंदा शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी चर्चच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता आणि त्यात ती पहिल्यांदा एकटी ताउओलुंगा नाचणार होती. गुडघे जुळवून, हातांच्या बोटांनी बोलत, चेहऱ्यावरचं हसू न ढळू देता. नाचणारीच्या अंगाला खोबरेल तेल चोपडतात, आणि लोक पुढं येऊन त्या तेलावर नोटा चिकटवतात. नोट चिकटली, अंग शेवटपर्यंत चमकलं, की पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या माना डोलावतात. पोरीचं वळण चोख! आणि तेल उतरलं तर त्या एकमेकींच्या कानात जे बोलतात ते मी इथं लिहीत नाही. माझ्या मुलीबद्दल ते कोणी बोलावं, ही कल्पनाही मला सहन होत नव्हती.

तेल अर्थात ताईचं. तीन आठवडे उन्हात खपून, फुलं घालून ती ते करते. वासाला काय, स्वर्ग! पण एकदा कापडाला लागलं की लागलं. गेल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात नवरीला जवळ घेतलं तर माझ्या पांढऱ्या शर्टावर तिचा अख्खा दंड उमटला. चार वेळा साबण, अर्धी टाकी पाणी, आणि दंड जिथल्या तिथं.

तेव्हा मला आठवली ऑकलंडच्या मावसबहिणीनं तोआकासेला पाठवलेली बाटली. तोंडावरचा रंग काढायचं तेल. लावायचं तेलासारखं, आणि नुसत्या पाण्यानं धुतलं की सगळं साफ, चिकटपणा नावाला नाही. मी बाटली पालथी केली आणि लेबल वाचलं. चौथ्या जागी लिहिलं होतं: पॉलिसॉर्बेट ८०.

बावीस वर्षांत हे नाव मी हजारदा वाचलं असेल. आइस्क्रीमवर, लोणच्याच्या बरणीवर, केसांच्या पाण्यावर, लहान बाळांच्या मलमावर. पण हा गृहस्थ करतो काय, हे कधी विचारलं नव्हतं. तपासनिसाचं काम वाचायचं. समजून घ्यायचं, असं नियमात कुठंही नाही.

शेजारचा सेमिसी अकरा वर्षं परदेशात साबणाच्या कारखान्यात होता. तिथं तो फाटकावर बसायचा, पण गावात तो साबणातला तज्ज्ञ. मी त्याला विचारलं.

"सोपं आहे रे," कावा या मुळांच्या पेयाची वाटी खाली ठेवत सेमिसी म्हणाला. "तेल आणि पाणी एकमेकांशी बोलत नाहीत. बरोबर? हा मधे उभा राहतो. एक हात तेलाच्या हातात, एक पाण्याच्या. तुझी तोआकासे नाही का दारात उभी राहत?"

"माझ्या बायकोला मधे आणू नकोस."

"मी कुठं आणतोय? चाळीस वर्षं तुम्ही दोघांनीच आणलीय."

तोआकासेशी माझं लग्न होऊन चोवीसच वर्षं झालीत. पण सेमिसीला आकडे सांगण्यात अर्थ नसतो. "बरं, मग ऐंशी का?" मी विचारलं.

"ऐंशी अंशांवर उकळतात."

तोआकासे म्हणाली, ऐंशी वेळा धुता येत असेल. पाद्रीबाबा म्हणाले, बाळा, मनुष्याला सगळंच कळावं असं नाही. वीस, चाळीस, साठही असतात, हे मी स्वतः वाचलं होतं. मग एकाहत्तर का नाही? पण हे विचारलं की लोक घड्याळ बघायला लागत.

मी मावसबहिणीकडून एक लिटर मागवलं. बाटली बोटीनं आली आणि बंदरावरच्या ऑफिसात अडकली. मला वाटलं, आपण सरकारी माणूस, नाव सांगितलं की काम होईल. खिडकीतली बाई माझ्याहून सरकारी निघाली.

"हे खायचं की लावायचं?"

"दोन्हीत असतं, बाई."

"खायचं खिडकी दोन, लावायचं खिडकी चार. दोन्हीची खिडकी नाही."

"मग लावायचं धरा."

"धरा कसं? आइस्क्रीममध्ये असतं असं तुम्हीच म्हणालात."

मी खिडकी दोनवर गेलो. तिथल्या माणसानं बाटली उघडून वास घेतला, मधासारखं दाट पिवळं ते बोटावर घेऊन चाटलं, आणि तोंड असं केलं की त्याला पाणी द्यावं लागलं. "हे खायचं नाही," असा त्यानं शेरा मारला. खिडकी चार म्हणाली, शेरा मिळाला ते छान झालं, पण बाटलीवर वापर आपल्या भाषेत लिहिलेला नाही, सोडता येत नाही. कोणाचा हा मूर्ख नियम, असं मी जरा मोठ्यानं विचारलं. बाईनं फायलीतून एक परिपत्रक काढून काचेला लावलं. खाली माझी सही होती. सहा वर्षांपूर्वीची, अगदी फर्राटेदार.

मग तिनं वापर लिहायला कागद दिला. आता 'मिसळवणारा' म्हणावं तर आमच्या भाषेत तसा शब्द कालवलेल्या केळ्यांना बरा वाटतो. अर्धा तास विचार करून मी लिहिलं: 'तेलाचं आणि पाण्याचं जमवून देणारा.'

बाईनं वाचलं. "म्हणजे लग्नं जमवतो तो?"

रांगेतले सगळे हसले. त्यात माझ्याच कचेरीतले दोघं होते. मी मान वर ठेवून शिक्का घेतला आणि मान वर ठेवूनच बाहेर पडलो, म्हणून पायरी दिसली नाही. ढोपर अजून दुखतं.

घरी येऊन मी ताईनं लुसिआनेसाठी आणून ठेवलेल्या तेलातून वाटीभर काढलं आणि चार चमचे तेलाला एक चमचा ऐंशी या मापानं घोटलं. हाताला लावलं. चमकलं! वासही तोच. मग हात नळाखाली धरला. तेलाचं पांढरंशुभ्र दूध झालं आणि वाहून गेलं. हात कोरडा केला तर जणू तेल कधी लागलंच नव्हतं. मी सेमिसीच्या दंडावर करून पाहिलं, जुन्या शर्टावर करून पाहिलं, आमच्या डुकरिणीच्या पाठीवरही. सगळीकडे पैकीच्या पैकी. मला वाटलं, बावीस वर्षं मी दुसऱ्यांची लेबलं वाचली; आता एक बाटली अशी, जिच्यावर माझं नाव लागेल. त्या भरात मी ताईची अख्खी बाटली घोटून काढली.

लुसिआनेनं मला तसं करताना पाहिलं. ती दारात उभी राहिली.

"बाबा, एकच दिवस. एवढा एकच दिवस काही घोळ घालू नका हं."

"अगं, तुझ्याचसाठी-"

"मला माहितीय. म्हणूनच म्हणतेय."

शनिवारी दुपारी तीन वाजता कार्यक्रम. फेब्रुवारीचं, म्हणजे आमच्याकडच्या भर उन्हाळ्यातलं ऊन, डोक्यावर पत्रा, आत अडीचशे माणसं आणि चार पंखे, त्यातला एक फिरत होता. पडद्यामागं ताईनं स्वतःच्या हातानं पोरीला त्याच बाटलीतलं तेल लावलं. आजीची चटई बांधली, डोक्यात पिसं खोवली. लुसिआने बाहेर आली आणि अडीचशे माना वळल्या. काय दिसत होती पोर! खांदे असे चमकत होते की मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. सेमिसीच्या हातात माइक होता, तो म्हणाला, "बघा, बघा, कोणाची भाची!" आमच्यात मुलगी बापाची असं कोणी म्हणत नाही, आत्याचीच म्हणतात, आणि त्या क्षणी माझी त्याला काही हरकतही नव्हती.

गिटारवाल्यांनी सुरू केलं. पहिलं कडवं सोन्यासारखं गेलं. पाद्रीबाबांनी उठून तिच्या दंडावर नोट चिकटवली. चिकटली. शाळेच्या मास्तरीणबाईंनी खांद्यावर लावली. चिकटली. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या डोलायला लागल्या. मी खुर्चीत मागं रेललो.

दुसऱ्या कडव्यात तिला घाम आला.

घाम! सगळ्या चाचण्या मी केल्या, पण नाचून कोण बघणार होतं? सेमिसी कधी नाचला नाही आणि डुक्कर घामेजत नाही. घाम म्हणजे पाणीच की हो. आधी तिच्या मानेशी एक पांढरा ओघळ दिसला. मग दुसरा. मग दोन्ही दंडांवरून दूध निघालं. पाद्रीबाबांची नोट हळूच हलली, कोपरापर्यंत आली, आणि टपकन जमिनीवर पडली. मास्तरीणबाईंची तिच्या मागोमाग. कोणीतरी नवी लावायला आलं, ती बोटालाच परत चिकटून आली.

"रंग लावलाय की काय पोरीला?" मागून कोणीतरी म्हणालं. म्हाताऱ्यांचं डोलणं थांबलं. एकीनं दुसरीच्या कानाकडे तोंड नेलं.

लुसिआनेचं हसू तसंच होतं. हात एकदाही चुकला नाही. फक्त डोळे हॉलभर फिरत होते, आणि ते कोणाला शोधतायत हे मला ठाऊक होतं. सापडलो मी. ती रागानं बघेल असं मला वाटलं होतं. ती रडायच्या बेतात होती.

मग मी विचार केलाच नाही. उठलो आणि पुढं गेलो. नाचणारीच्या आजूबाजूला घरच्यांनी वेडंवाकडं नाचून तिची शोभा वाढवायची, ही आमची रीतच आहे, पण हे काम कोणी काका, कोणी मामा करतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला, चष्मा लावलेला, त्रेपन्न वर्षांचा लेबल तपासनीस करत नाही. मी केलं. गुडघे फाकवले, ढुंगण हलवलं, बेडकासारखी उडी मारली. हॉल हसला. पुन्हा मारली. ही उडी जमिनीवर ओघळलेल्या त्या दुधात पडली. पाय सरकले आणि मी दणकन बसलो तो घसरत थेट पुढच्या रांगेपर्यंत, दोन्ही तंगड्या पसरून, समोर कोण तर मेलेआनेताई.

हॉलचं हसणं छपराला लागलं. सेमिसी माइकवर ओरडला, "चाळीस वर्षांत पहिल्यांदा! बहिणीसमोर पाय पसरले!" माझं तोंड असं तापलं की त्यावर भाकरी भाजली असती.

तोवर तोआकासे ओला टॉवेल घेऊन लुसिआनेपाशी पोचली होती. दोन फटकाऱ्यांत सगळं साफ. एका टॉवेलात! साबण नाही, काही नाही. हे कोणाच्या लक्षात आलं नाही, पण माझ्या आलं, आणि तशा अवस्थेतही मला बरं वाटलं.

ताई उठली. पिशवीतून तिनं दुसरी बाटली काढली. तसंच तेल, माझा हात न लागलेलं. तिनं ती तोआकासेकडे दिली, पोरीला पुन्हा लावायला. मग थोडं हातावर घेतलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तोआकासे, त्याला सांग-"

"वन्सं," तोआकासे लुसिआनेच्या खांद्याला तेल चोळता चोळता म्हणाली, "हे तुमच्या पायाशी बसलेत. चोवीस वर्षं मी दारात उभी आहे, माझे पाय दुखले. तुम्हीच सांगा."

हसणं थांबलं. मला वाटलं आता छप्पर कोसळणार. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी लहान असताना ती ज्या नजरेनं बघायची तीच नजर. मधली चाळीस वर्षं मी ती पाहिलीच नव्हती.

"फिलिमोने," ती म्हणाली. "नारळाचं दूध काढायचं, तीन आठवडे उन्हात ठेवायचं, तेव्हा कुठं दूध फुटतं आणि तेल सुटतं. माझं अख्खं आयुष्य दुधाचं तेल करण्यात गेलं. आणि तू दोन कडव्यांत तेलाचं परत दूध केलंस!"

"माझा हेतू, ताई-"

"चटईखाली एक कापड लाव, एवढंच मी सांगत होते. एक कापड! पण तू मागच्या दारानं पळालास."

आणि तिनं हातातलं तेल माझ्या टकलावर थापलं. ते कानांवरून, कॉलरवरून, शर्टावर उतरलं. कमरेची गाठ सोडून तिनं वीस पांगांची नोट काढली आणि माझ्या कपाळावर चापट मारून चिकटवली. हलली नाही.

"बसून काय राहिलास? पोर थांबलीय. नाच!"

गिटारवाल्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरलं. लुसिआने मधे, ताईच्या तेलानं चमकत, आणि बाजूला मी, नोटांनी भरलेलं टक्कल घेऊन बेडकासारखा उडतोय. म्हाताऱ्या पुन्हा डोलायला लागल्या. पोर शेवटपर्यंत चमकली. वळणाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. जे काही बोलले ते बापाबद्दल बोलले, आणि अजून बोलतायत.

शर्ट कायमचा गेला असं मी धरून चाललो होतो. रविवारी आमच्या गावात कोणी बादलीलाही हात लावत नाही, तेव्हा तो दोरीवर तेलकट लोंबत राहिला आणि चर्चला जाणाऱ्या प्रत्येकानं तो पाहून घेतला. सोमवारी सकाळी मी उरलेलं ऐंशी घेऊन मागच्या नळाशी बसलो होतो, तर पावलं वाजली. ताई. ओसरीवर न बसता सरळ मागं आली. काखेत सहा उशांचे तेलानं पिवळे पडलेले अभ्रे.

मी सवयीनं दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. तोआकासे आतून सगळं ऐकत असणार, पण बाहेर आली नाही.

ताईनं अभ्रे माझ्या बादलीशेजारी ठेवले. मी पाय आखडून घेतले. ती दगडावर टेकली आणि तिनं त्या पिवळ्या बाटलीकडे बोट केलं.

"निघतं का रे यानं?"

"निघतं, ताई."

मी अभ्रा भिजवला, ते लावलं, पाणी ओतलं. दूध झालं, वाहून गेलं. ताईनं ते शेवटच्या थेंबापर्यंत पाहिलं. मग बाटली उचलून डोळ्यांपासून लांब धरली आणि माझी सही असलेल्या नियमाप्रमाणे चिकटवलेलं, माझ्याच अक्षरातलं लेबल वाचलं.

"हे ऐंशी कशाचं?"

"माहीत नाही."

"बावीस वर्षं लेबलं वाचतोस ना तू?"

"हो, ताई."

"बरं," ती म्हणाली आणि दुसरा अभ्रा माझ्या हातात दिला. "कळलं की मला सांग. तूच सांग, तिला पाठवू नकोस."